पिन फिरवायची, पिळायची नाही

फोनवरच्या अ‍ॅपमधला काटा बरोब्बर मधोमध आला, हिरवा दिवा लागला. मी पियानोच्या पिना फिरवायचा लीव्हर बाजूला ठेवला, चहा करून आणला आणि तीच पट्टी पुन्हा दाबली. काटा डावीकडे कललेला. स्वर उतरला होता. पुन्हा चढवला, पुन्हा हिरवा दिवा, आणि चार-सहा वेळा जरा जोरात वाजवल्यावर पुन्हा तेच. गोव्यात सासष्टीतल्या एका जुन्या घरातून पुण्याला आणलेल्या माझ्या अपराइट, म्हणजे उभ्या पियानोशी हा खेळ तीन दिवस चालला. शेवटी वसईच्या एका ट्यूनरकाकांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडून एकच पिन लावून घेतली, दोन मिनिटं माझ्या मनगटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तू पिन फिरवत नाहीस रे, नुसती पिळतोयस.”

या एका वाक्यात काय काय भरलं आहे ते उलगडायला मला दोन वर्षं लागली. पियानोच्या ट्यूनिंगबद्दल लोकांना वाटतं की सगळी करामत कानाची. कान लागतोच. पण स्वर कुठे आहे हे आजकाल शंभर रुपयांचं अ‍ॅपही सांगतं. तो तिथे टिकवणं हे हाताचं काम आहे, आणि ते अ‍ॅप सांगत नाही.

आधी आत काय आहे ते बघू. पियानोला ८८ पट्ट्या असतात, पण तारा असतात सुमारे २३०. अगदी खालच्या खर्जाच्या स्वरांना एकेक जाडजूड, तांब्याचं वेटोळं चढवलेली तार, त्यावर दोन-दोन, आणि मधल्या सप्तकापासून वरपर्यंत प्रत्येक स्वराला तीन-तीन तारा. एकेका तारेचा ताण साधारण ७० ते ८० किलोंचा. सगळ्यांची बेरीज १६ ते १८ टनांच्या घरात जाते, म्हणजे वीसेक लहान मोटारी एका चौकटीला टांगल्यासारखं. म्हणूनच आत ओतीव लोखंडाची ती अवजड चौकट असते आणि म्हणूनच पियानो जिन्यावरून चढवताना सोसायटीतले सगळे पुरुष एकाएकी कामात असतात.

प्रत्येक तारेचं एक टोक पोलादी पिनेला गुंडाळलेलं असतं. पिन साधारण सात मिलिमीटर जाड, सहा-साडेसहा सेंटिमीटर लांब. तिचा बराचसा भाग लाकडाच्या एका जाड, अनेक थर चिकटवलेल्या फळीत ठोकलेला असतो. या फळीला पिनब्लॉक म्हणतात. इथे नट नाही, गिटारीसारखे दाते नाहीत, अडसर नाही. तंबोऱ्याची खुंटी जशी लाकडात नुसत्या घर्षणाने अडकून राहते, तशीच ही पोलादी पिन लाकडात घट्ट रुतून राहते. ७०-८० किलोंची ओढ आणि तिला थोपवणारी फक्त लाकडाची पकड.

आता सूक्ष्मता किती हवी ते बघा. एका अर्ध्या स्वराचे, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक या लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे, शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. मधल्या सप्तकातली तार एक सेंट चढवायला तिला किती ताणावं लागतं याचा मी एकदा ढोबळ हिशेब मांडला. उत्तर आलं मिलिमीटरचा सुमारे चारशेवा भाग. पिन त्यासाठी एका अंशाच्या पंचविसाव्या भागाइतकी फिरते. लीव्हर एक फूट लांब धरला तर त्याचं टोक सरकतं साधारण ०.२ मिलिमीटर. दोन-तीन केसांची जाडी. आणि तीन तारांची जोडणी स्वच्छ हवी असेल तर एक सेंटचा फरकही चालत नाही, त्याहून बारीक काम करावं लागतं. खांद्यातून जोर लावून हे होणार नाही, हे इथेच लक्षात येतं.

हत्यारं मोजकीच

मुख्य हत्यार म्हणजे ट्यूनिंग लीव्हर. जुने ट्यूनर त्याला अजून हॅमर म्हणतात. पूर्वीच्या या हत्याराचा माथा हातोडीसारखा असे, त्यानेच पिना ठोकून बसवत. ठोकणं गेलं, नाव राहिलं. पिनेचं डोकं चौकोनी आणि वर किंचित निमुळतं असतं. चांगल्या लीव्हरच्या तोंडात मात्र आठ कोनांची चांदणी असते. चार कोनांची असती तर लीव्हर पिनेवर फक्त चार दिशांना बसला असता. आठ कोनांमुळे दर ४५ अंशांवर एक जागा मिळते, आणि लीव्हर कोणत्या दिशेला उभा आहे यावर किती अवलंबून असतं ते पुढे येईलच.

मी पहिल्यांदा ऑनलाइन मिळालेला सगळ्यांत स्वस्त लीव्हर घेतला. त्याचं तोंड आणि दांडा यांच्यात बारीकसा खुळखुळा होता. हाताला जाणवणारी हालचाल पिनेची की लीव्हरच्या सांध्याची हे कळायलाच मार्ग नाही. आंधळ्याच्या हातातली काठी रबराची असावी तसं. पैसे वाचवायचेच असतील तर बाकी सगळ्यात वाचवा, लीव्हरमध्ये नको. पाना, पक्कड वगैरे तर मुळीच नको. एकदा पिनेचे कोपरे घासून गोल झाले की मग चांगला लीव्हरही तिच्यावर घसरतो.

दुसरं हत्यार म्यूट. तीन तारा एकदम वाजत असताना एक लावता येत नाही, म्हणून बाकीच्या दोन गप्प करायच्या. त्यासाठी रबराच्या छोट्या पाचरी मिळतात. अपराइटमध्ये तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या दांड्यांमधून पाचर आत घालणं अवघड जातं, तिथे चिमट्यासारखा एक म्यूट वापरतात: दाबून आत सरकवायचा आणि सोडला की तो उघडून दोन्ही बाजूंच्या तारा अडवतो. आणि फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक लांब पट्टी लागते. ती मधल्या भागात तीन तारांच्या एका गटाच्या आणि पुढच्या गटाच्या मधल्या फटींत खोचत गेलं की प्रत्येक स्वराची फक्त मधली तार मोकळी राहते. अख्खं सप्तक एकेका तारेवर लावता येतं.

तिसरं, स्वराचा आधार. काकांच्या खिशात अजूनही स्टीलचा चिमटा असतो, ट्यूनिंग फोर्क. १७११ साली लंडनच्या जॉन शोर नावाच्या तुतारीवादकाने तो बनवला, त्यात आजतागायत फारसा बदल नाही. त्यातून निघतो तो मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाचा स्वर, सेकंदाला ४४० कंपनं. हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवला होता. ४४० वर एकमत झालं १९३९ च्या लंडनच्या परिषदेत. जुना पियानो ४३५ च्या आसपास सापडला तर तो बिघडलेलाच असेल असं नाही, तसाच लावलेलाही असू शकतो.

पीळ

आता मूळ मुद्दा. ओला टॉवेल पिळताना काय होतं? एक टोक घट्ट धरलेलं, दुसरं तुम्ही फिरवता, आणि मधे पीळ पडतो. पिनेचं तेच. तिचं खालचं टोक लाकडाने आवळून धरलंय, वरच्या टोकाला तुमचा लीव्हर आहे. तुम्ही हळूच ओढता तेव्हा आधी फक्त वरचं टोक वळतं. पोलाद असलं तरी ते पिळलं जातं, वाकतं. तार वरच्या टोकाला गुंडाळलेली असल्यामुळे स्वर लगेच चढतो, अ‍ॅप हिरवं होतं. पण लाकडातला भाग जागचा हललेलाच नसतो! लीव्हर काढला की पीळ उलगडतो आणि स्वर परत खाली. माझ्या चहाच्या कपाची कथा ती ही.

म्हणून लीव्हर हातात घेतल्यावर सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे पिनेचं खालचं टोक कधी हललं ते ओळखणं. ताण वाढवत नेला की एका क्षणी लाकडातून अगदी बारीक ‘टक्’ जाणवतं. कानाला नाही, तळहाताला. घट्ट झाकणाची बरणी उघडताना आधी काहीच होत नाही आणि मग झाकण किंचित सुटल्याचं हाताला कळतं, तसं. काही पियानोंमध्ये ही टक् अजिबात येत नाही, लोण्यात सुरी फिरल्यासारखी पिन सरकते. काहींमध्ये पिना इतक्या घट्ट असतात की सरकतात ती उडी मारूनच. प्रत्येक पियानोचा स्वभाव पहिल्या दहा पिनांत कळतो आणि हात त्याप्रमाणे बदलावा लागतो.

लीव्हर कुठे उभा करायचा? घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. अपराइटमध्ये दांडा बाराच्या जागी, फार तर एकपर्यंत. तीनच्या जागी आडवा धरला तर ओढ वरखाली लागते, आणि तारही वरखालीच ओढत असते. मग पिन न फिरता नुसती तारेच्या दिशेने वाकते. वाऱ्याने झेंड्याची काठी वाकावी तशी. स्वर वाकण्याने बदलतो, तुम्हाला वाटतं फिरवण्याने बदलला. दांडा उभा असेल तर ओढ आडवी लागते, तारेच्या दिशेला काटकोनात, आणि वाकण्याचा स्वरावर जवळपास परिणाम होत नाही. त्याच कारणाने दांडा स्वतःकडे खेचायचाही नाही. कोपर कशाला तरी टेकलेलं हवं, काम बोटांचं आणि मनगटाचं.

फिरवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक संथ ओढीची: हळूहळू ताण वाढवत न्यायचा, टक् जाणवली की थांबायचं. दुसरी झटक्याची: ढिल्या मनगटाने लहान लहान ठोके, प्रत्येक ठोक्याला पिन मुळासकट किंचित सरकते, आणि वेळ इतका कमी असतो की पीळ साठत नाही. घट्ट पिनांना झटका बरा, सैल पिनांना संथ ओढ. मला स्वतःला झटका जमायला सहा महिने लागले. सुरुवातीला माझा प्रत्येक झटका अर्धा स्वर पलीकडे जाऊन पडायचा.

कोणत्याही पद्धतीने गेलात तरी शेवट सारखाच. हव्या त्या स्वराच्या अगदी जरासं वर जायचं, दोन-तीन सेंट, आणि मग दांड्यावर हलका उलटा दाब देऊन पिनेला खाली बसू द्यायचं. इथे पिन मागे फिरवायची नाही, वर चढताना साठलेला पीळ तेवढा काढून टाकायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पिनेतला पीळही आपण मुद्दाम काढल्याशिवाय जात नाही. तो तसाच ठेवला तर आज ना उद्या, कुणीतरी जोरात वाजवल्यावर, स्वत:हून निघतो आणि स्वर घेऊन जातो. ट्यूनर याला पिन सेट करणं म्हणतात. काका म्हणतात, “बसवणं.”

नाडी

पिन बसली तरी काम अर्धंच. तारेचंही एक दुखणं आहे. पिनेपासून निघालेली तार सरळ हवेत जात नाही. आधी ती एका धातूच्या दांड्याखालून किंवा भोकातून दाबली जाते, मग वाजणारा मोकळा भाग येतो, मग घोडीवरच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवरच्या, दोन खिळ्यांतून नागमोडी वळण घेऊन ती पलीकडच्या खुंट्याला अडकते. प्रत्येक टेकूवर घर्षण आहे.

परकराची नाडी ओढताना बघा. हाताजवळचा भाग आवळला जातो, पण मागच्या बाजूला नेफ्यात कापड तसंच गोळा झालेलं असतं. कंबर थोडी हलवली, कापड सारखं केलं, की ताण सगळीकडे सारखा होतो आणि नाडी मात्र सैल पडल्यासारखी वाटते. तारेचं हुबेहूब हेच. पिन फिरवली की पिनेजवळचा तुकडा आधी ताणला जातो, वाजणारा भाग मागाहून. दोघांतला फरक राहिला तर पुढे वाजवता वाजवता ताण एका तुकड्यातून दुसऱ्यात सरकतो. पिनेजवळचा तुकडा जास्त सैल असेल तर स्वर उतरणार, जास्त ताणलेला असेल तर चढणार.

उपाय साधा आणि कानठळ्या बसवणारा आहे: पिन फिरवत असताना पट्टी ठणकावून वाजवायची. हळुवार नाही, मैफलीत पियानोवादक जास्तीत जास्त जितक्या जोरात वाजवेल त्याहून किंचित जोरात. नाडीचा परकर झटकण्यासारखंच ते. स्वर लागला असं वाटलं की तीन सणसणीत ठोके द्यायचे. त्यानंतरही जागेवर राहिला तर तो लागला. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि स्वतःच्या कानात मऊ बोळे घाला, दोन-तीन तासांत कान खरोखर दुखतात.

कान

आता कानाकडे. तंबोऱ्याची जोड जुळवताना ज्यांनी ऐकलंय त्यांना हे नव्याने सांगायला नको. दोन तारा जवळजवळ सारख्या स्वरात असल्या की आवाज डोलतो, मोठा-लहान-मोठा-लहान. एक तार ४४० वर आणि दुसरी ४४२ वर असेल तर सेकंदाला दोन डोल. फरक कमी होत गेला की डोल मंदावतो, आणि दोन्ही एकजीव झाल्या की आवाज एकदम निवांत, लांब आणि गोल होतो. पियानोत अशा साठेक तिहेरी जोडी आहेत. एकूण वाजवण्यातला गोडवा किंवा ओंगळपणा यांतला मोठा भाग या जोडींवर ठरतो. अख्खा स्वर, तिन्ही तारांसकट, चार सेंट खाली असला तर सामान्य श्रोत्याला कळत नाही. तीन तारा आपसांत दोन सेंटने भांडत असतील तर पोरालाही कळतं. त्यामुळे माझा सल्ला असा: मधल्या तारा लावायला अ‍ॅप खुशाल वापरा, पण जोडी मात्र कानानेच. तीन तारा एकत्र वाजल्या की मायक्रोफोनचा गोंधळ उडतो, कानाचा उडत नाही. आधी डावी तार मधलीशी, उजवी अजून बंद. मग उजवी मोकळी करून.

सप्तकाची आतली विभागणी हा मात्र वेगळा प्रांत आहे, आणि इथे आपल्याकडच्या कानाची फसगत होते. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. मी पहिल्या दिवशी पांढरी एक आणि पांढरी तीन यांच्यात तसाच स्वच्छ, डोल नसलेला गंधार लावला आणि खूश झालो. मग त्या पांढरी तीनपासून पुढचा गंधार तसाच, म्हणजे काळी चार. मग काळी चारपासून पुढचा, तो पडायला हवा वरच्या पांढरी एकवर. पडला बराच खाली! तीन शुद्ध गंधार एकावर एक रचले तर सप्तक पुरं होत नाही, ४१ सेंट कमी पडतात. पियानोला कुठल्याही पट्टीत वाजायचं असतं, त्यामुळे ही तूट तिघांत वाटून घ्यावी लागते. प्रत्येक गंधार जवळपास १४ सेंट मुद्दाम चढा. पंचमांचं उलट: ते प्रत्येकी दोन सेंट उतरे ठेवावे लागतात, कारण बारा शुद्ध पंचम सात सप्तकांच्या २३ सेंट पुढे जातात. पेटीचंही हेच आहे, आणि पेटीवर शास्त्रीय गायकांनी जो राग धरला त्यात या चढ्या गंधाराचाही वाटा होता. आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली.

ट्यूनरच्या दृष्टीने यातली गंमत अशी की हा सक्तीचा बेसूर मोजता येतो. मधल्या सप्तकाच्या खालच्या सप्तकातली पांढरी चार आणि तिच्या वरची पांढरी सहा एकत्र वाजवा: सेकंदाला सातच्या आसपास डोल. एकेक पट्टी वर सरकत तोच गंधार वाजवत जा: सव्वासात, पावणेआठ, सव्वाआठ, पावणेनऊ. सायकलचं पेडल हळूहळू वेग घेतं तसा डोल वाढत गेला पाहिजे. मधेच एखादा सुस्तावला किंवा पळाला, तर त्या दोघांपैकी कुणीतरी चुकलंय. आकडे पाठ करायची गरज नाही. चढण एकसारखी आहे ना, एवढंच ऐकायचं.

आणखी एक बारीक बाब. पियानोची तार ताठ असते, सतारीच्या तारेसारखी लवचिक नाही. त्यामुळे तिच्यातून निघणारे वरचे उपस्वर हिशेबापेक्षा किंचित चढे निघतात. वरचं सप्तक खालच्या उपस्वरांशी जुळवायचं तर त्यालाही थोडं चढवावं लागतं. म्हणून नीट लावलेला पियानो वरच्या टोकाला तीसेक सेंट चढा आणि खालच्या टोकाला तितकाच उतरा असू शकतो. गिटारीचं फुकटचं अ‍ॅप हे जाणत नाही. त्याच्या हिरव्या दिव्यावर विसंबून अख्खा पियानो लावला तर वरची सप्तकं कानाला उतरलेली लागतात. पियानोसाठीची अ‍ॅप आधी काही तारा ऐकून त्या विशिष्ट पियानोचा ताठपणा मोजतात आणि त्यानुसार आकडे बदलतात.

कानाच्या कामाचा विषय निघालाच आहे तर क्लोद मोंताल आठवतो. पॅरिसमधला अंध विद्यार्थी, लुई ब्रेलच्या काळातला, त्याच अंधशाळेतला. शाळेचा पियानो ट्यूनर नीट लावत नाही म्हणून त्याने स्वतःच चाचपडत, उघडून, जुळवून ही विद्या मिळवली आणि पुढे इतरांना शिकवली. युरोपात अंधांसाठी हा पेशा त्याच्यामुळे रुळला. मला त्यातली कानाची गोष्ट जितकी थोर वाटते तितकीच तळहाताची. पिनेचं मूळ हललं की नाही ते डोळ्यांना दिसतच नाही, डोळसालाही.

तुटलेली तार आणि इतर धडे

दुसऱ्याच आठवड्यात मी एक तार तोडली. पट्टी वाजवतोय, लीव्हर ओढतोय, स्वर काही बदलेना. अजून थोडं ओढलं. फटाक्यासारखा आवाज झाला आणि तार सळकन गालाजवळून गेली. मी शेजारच्या स्वराच्या पिनेवर होतो! २३० पिना रांगेने एकीखाली एक तिरक्या असतात, नजर सहज चुकते. तेव्हापासून नियम: लीव्हर हलतोय आणि स्वर हलत नाही, की हात तिथेच थांबवायचा. शंका आली तर पिनेपासून तारेवर बोट फिरवत खाली यायचं, नखाने ती छेडायची. आणि चष्मा लागत नसला तरी साधा काचेचा चष्मा घालायचा.

जुन्या तारांच्या टेकूंवर गंज धरलेला असतो. अशी तार थेट चढवली तर गंजाशी चिकटलेल्या जागी ती तुटते. म्हणून आधी किंचित उतरवायची, इतकी की गंज सुटल्याचं ‘टिक्’ ऐकू यावं, मग चढवायची. उतरवण्याचा आणखी एक फायदा: आपण बरोबर पिनेवर आहोत ना तेही कळतं, तेही धोका न पत्करता.

पियानो बरीच वर्षं तसाच पडला असेल तर तो सगळाच अर्धा-पाऊण स्वर उतरलेला असतो. अशा वेळी बारकाईने एकेक स्वर लावत गेलात तर शेवटच्या स्वराला पोचेपर्यंत पहिला पुन्हा उतरलेला सापडेल. ताण वाढत जातो तशी घुमणारी फळी, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, आणि चौकट दबते आणि आधी लावलेल्या तारा सैल पडतात. कलाकुसर बाजूला ठेवून पहिली फेरी भराभर मारायची, आणि मधल्या भागात प्रत्येक स्वर त्याच्या तुटीच्या साधारण चौथा हिस्सा जास्तीचा चढवायचा. वीस सेंट उतरला असेल तर पाच सेंट वर. सगळं दबल्यावर तो आपोआप जागेजवळ येतो. मग दुसरी, नेटकी फेरी. फारच उतरलेला आणि गंजलेला असेल तर मी म्हणेन ४४० चा हट्टच सोडा. सगळ्या तारा आपसांत जुळल्या तर ४३० वरही घरात छान वाजतो.

हवा

महाराष्ट्रात ट्यूनिंगचा खरा शत्रू मोसम आहे. पियानोची घुमणारी फळी स्प्रूस लाकडाची, आठ-नऊ मिलिमीटर जाड, मधे किंचित फुगीर. पावसाळ्यात ती दमट हवा पिते, आणखी फुगते, घोडीला वर ढकलते आणि तारा ताणल्या जातात. मधली सप्तकं चढतात, टोकं तितकी चढत नाहीत, त्यामुळे पियानो स्वतःशीच बेसूर होतो. हिवाळ्यात उलट. पावसाची पहिली सर आली की लगेच ट्यूनर बोलावणं म्हणजे उकळत्या दुधाचं माप घेणं. हवा पालटल्यावर दोन-तीन आठवडे थांबायचं. पुण्यात वर्षातून एकदाच करायचं असेल तर मी दिवाळीनंतरचा काळ निवडतो.

मुंबईत आणि गोव्यात जुन्या घरांतून पावसाळ्यात पियानोच्या पोटात एक पिवळा बल्ब जळत ठेवायची पद्धत आहे. हसू येतं, पण ती योग्य आहे: थोडी ऊब, थोडा कोरडेपणा. एलईडी लावून उपयोग नाही, तो उजेड देतो, ऊब नाही. बल्ब लाकडाला आणि फेल्टला चिकटू द्यायचा नाही आणि ऑक्टोबर लागला की आठवणीने काढायचा. नाहीतर कोरड्या हवेत लाकूड आणखी वाळून पिनब्लॉक तडकतो, आणि तडकलेल्या पिनब्लॉकमध्ये कितीही कौशल्याने पिन बसवा, ती राहत नाही. तिथे लीव्हरचं काम संपतं आणि कारागिराचं सुरू होतं.

गेल्या डिसेंबरात काका पुन्हा आले. मी लावलेला पियानो त्यांनी खालपासून वरपर्यंत, प्रत्येक पट्टीवर तीन-तीन सणसणीत ठोके देत तपासला. मधल्या चार सप्तकांत सात पिना घसरल्या. त्यांनी त्या बसवल्या, प्रत्येकीला जेमतेम अर्धं मिनिट, हात हललेला मला दिसलासुद्धा नाही. वर गेल्यावर मात्र त्यांचा चेहरा वाकडा झाला. तिथे तारा बोटभर लांबीच्या असतात, आणि पिन नुसती मनात आणली तरी स्वर सरकतो. “इथे अजून दोन वर्षं हात लावू नकोस,” ते म्हणाले. वरची दीड सप्तकं अजून तेच लावतात.